परक्या राजाची शालजोडी

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांनी भारती एंटरप्रायझेसचे अध्यक्ष श्री. सुनील भारती मित्तल यांना 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' या संघाचे मानद नाईट कमांडर केले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, टाटा सन्सचे अध्यक्ष श्री. एन. चंद्रशेखरन यांना तोच मान लाभला. आम्ही ज्या दूरच्या शहरी राहतो तेथील मराठी वर्तुळात दोन्ही वेळा आनंदाची एक लहर उठली, आणि दुसऱ्या खेपेस तर आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत अभिनंदनाचा ठराव करावा अशी रीतसर सूचना आली. सूचक केंद्र सरकारच्या एका खात्यात वरच्या हुद्द्यावर आहेत. याच गृहस्थांनी मागल्या दिवाळीत एका कंत्राटदाराकडून आलेली सुक्या मेव्याची पेटी, घरातील मुलांनी तिची फीत सोडण्यापूर्वीच, आल्या पावली परत धाडली होती आणि त्या प्रकाराचे एक टिपण लिहून कचेरीतील फायलीत लावून ठेविले होते. तेव्हा आम्ही त्यांना विचारले, "रावसाहेब, त्या पेटीत आणि या फितीत अंतर कोणते?" ते हसले. वेळ झाली होती, चहा आला होता. ठराव पुढील सभेवर गेला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अर्ध्यावर राहिलेल्या संभाषणाचा उरलेला भाग आहे असे वाचकांनी समजावे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. परदेशीय उद्योगपतींना ब्रिटनने मानद नाईटपद देणे ही प्रथा गैर आहे. ती देणाऱ्याला शोभत नाही आणि घेणाऱ्यालाही शोभत नाही. आमच्या देशाच्या उद्योगपतींनी तर ते निश्चित घेऊ नये. हे मत आम्ही कोणाच्या व्यक्तिगत प्रामाणिकपणाविषयी शंका घेऊन मांडीत नाही. वर ज्यांची नावे आली ते गृहस्थ आपापल्या क्षेत्रात कर्तबगार आहेत आणि त्यांनी काही लपूनछपून घेतलेले नाही. आमचा वाद प्रथेशी आहे.

प्रथम हा मान म्हणजे नेमके काय, हे पाहू. कारण आमच्या लोकांत त्याविषयी फार भोळ्या समजुती आहेत. हा संघ पाचव्या जॉर्जने १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असता, स्थापन केला. त्याच्या पाच श्रेणी आहेत; वरच्या दोन श्रेणींना नाईटपद जोडलेले असते. ज्या देशांचा राजा ब्रिटनचाच राजा आहे त्या देशांच्या नागरिकाला 'सर' म्हणवून घेता येते. इतर देशांच्या नागरिकाला ते येत नाही. त्याला खांद्यावर तलवारीचा स्पर्शही होत नाही. त्याला पदक मिळते, फीत मिळते आणि नावापुढे तीन अक्षरे लावता येतात. प्रख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिन यांना १९६५ साली मानद नाईटपद मिळाले. पण १९८५ साली त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले तेव्हाच ते 'सर' झाले. म्हणजे परक्याला जे मिळते ते देवळाच्या ओसरीवरचे दर्शन, गाभारा घरच्यांसाठी. आणि मुख्य गोष्ट ही की, अशा परक्यांची नावे सुचविण्याचे काम ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याकडे असते. राजा हात पुढे करतो खरा, पण थैलीचे बंद सोडणारा परराष्ट्रमंत्री असतो. ज्या खात्याचे कामच स्वदेशाचा स्वार्थ परदेशांत पाहणे हे आहे, त्या खात्याकडून आलेली वस्तू केवळ गुणग्राहकतेची असेल असे मानावयास आमच्या वाचकांपैकी कोणी तयार होईल असे वाटत नाही. आपण सर्वांनी खाती आतून पाहिली आहेत.

संघाच्या नावातच 'साम्राज्य' आहे. त्याच्या ब्रीदवाक्याचा अर्थ 'ईश्वरासाठी आणि साम्राज्यासाठी' असा होतो. साम्राज्य गेले, ईश्वराचे काय झाले ते ब्रिटनच्या रहिवाशांना ठाऊक. ब्रीदवाक्य मात्र तसेच आहे. हे त्यांच्याही ध्यानात आले नाही असे नव्हे. २००४ साली ब्रिटिश लोकसभेच्याच एका समितीने अशी शिफारस केली होती की, संघाच्या नावातून 'एम्पायर' हा शब्द काढून तेथे गुणवत्तेचा निर्देश करणारा शब्द घालावा, आणि नाईटपदे हळूहळू बंद करावीत. शिफारस फायलीत राहिली. आमच्या देशात मात्र, ज्या साम्राज्याचे जोखड टाकण्यासाठी आमच्या आजोबांच्या पिढीने तुरुंग भोगले, त्याच्या नावाचे पदक आले म्हणून अभिनंदनाचे ठराव होतात. याला काय म्हणावे?

आता कारणे पाहू. श्री. मित्तल यांना मान मिळाला तो ब्रिटन व भारत यांच्यातील व्यापारी संबंधांच्या सेवेबद्दल. श्री. चंद्रशेखरन यांनाही तो त्याच सेवेबद्दल मिळाला. 'सेवा' हा शब्द येथे विचार करण्यासारखा आहे. कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करणारा सेवा करतो. तुटपुंज्या पगारावर खेड्यातील शाळा चालविणारा मास्तर सेवा करतो. परंतु जो व्यापारी दुसऱ्या देशात भांडवल गुंतवितो तो नफ्याच्या आशेने गुंतवितो, आणि त्यात काहीही गैर नाही. तो त्याचा धर्मच आहे. त्याच्या श्रमाचे मोल त्याला ताळेबंदात मिळालेले असते. ज्याचे मोल चुकते झाले त्याला वर मानपत्र द्यावयाचे, तर ते मागल्या कामाचे मोल राहत नाही. पुढल्या कामाची ती विसाराची रक्कम होते. आमच्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. पदकाला राजाच्या तिजोरीतून किती खर्च येत असेल? आणि त्याच्या बदल्यात अपेक्षा कशाची, तर कारखान्याची, नोकऱ्यांची, कराराची.

तारखा जुळवून पाहाव्यात. ब्रिटन आणि भारत यांच्यातील मुक्त व्यापार कराराची बोलणी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली, ६ मे २०२५ रोजी संपली, आणि २४ जुलै २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. वरील दोन्ही मान या बोलण्यांच्या ऐन मध्यावर दिले गेले. टेबलाच्या एका बाजूला आमचे वाणिज्य खात्याचे अधिकारी बसलेले. मोटारगाड्यांवरील जकात किती, व्हिस्कीवरील किती, आमच्या माणसांना तिकडे जाऊन काम करण्याची मुभा किती, यावर महिनोन्‌महिने घासाघीस चाललेली. या अधिकाऱ्यांपैकी एकालाही समोरच्या पक्षाकडून साधे घड्याळ घेता आले नसते. घेतले असते तर नोकरी गेली असती, आणि ते योग्यच झाले असते. परंतु ज्या उद्योगांच्या लाभहानीचा प्रश्न त्या टेबलावर होता त्यांच्या प्रमुखांना समोरच्या पक्षाने राजाच्या हातची फीत दिली, आणि आम्ही टाळ्या वाजविल्या. त्या फितीमुळे करारातील एक स्वल्पविरामही हलला असे आमचे म्हणणे नाही. पण अधिकाऱ्याच्या घड्याळानेही तो हललाच असता असे कोठे आहे? नियम केला जातो तो मन कलण्याची शक्यता आहे म्हणून. कलले हे सिद्ध झाल्यावर नव्हे.

कोणी म्हणेल, हे पदक घेणारे काही एकटे आमचेच लोक नाहीत. खरे आहे. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांना हा मान जानेवारी २००४ मध्ये जाहीर झाला आणि मार्च २००५ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते मिळाला. जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत, मार्च २००४ मध्ये, युरोपीय आयोगाने त्यांच्या कंपनीला बाजारातील मक्तेदारीचा गैरवापर केल्याबद्दल ४९ कोटी ७० लक्ष युरोंचा दंड ठोठाविला. आणि त्या वेळी ब्रिटन युरोपीय संघाचा सभासद होता. घराच्या पुढल्या दारी सत्कार आणि मागल्या दारी चौकशी असा तो देखावा होता. (सरकारी माणूस म्हणून आम्हांला अधिक मौज वाटते ती अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या पदकाची. ते २००२ साली मिळाले, जागतिक आर्थिक स्थैर्याला हातभार लावल्याबद्दल. सहा वर्षांनी ते स्थैर्य सर्व जगाने पाहिले, आणि स्वतः ग्रीनस्पॅन यांनीही ऑक्टोबर २००८ मध्ये आपल्या विचारसरणीत दोष निघाल्याचे अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केले. पदकावर अर्थातच त्याचा परिणाम झाला नाही.)

पण आम्हां मुंबईकडील लोकांना गेट्सपेक्षा जवळचे उदाहरण आहे, आणि ते १८४२ सालचे आहे. नाईटपद मिळालेले पहिले भारतीय सर जमशेटजी जीजीभाई. त्यांचे नाव आमच्या जिभेवर रोजचे आहे. जे. जे. रुग्णालय त्यांचे, कलाशाळेला नाव त्यांचे. मुंबई बेटाला वांद्र्याशी जोडणारा माहीमचा रस्ता त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःच्या पैशाने बांधविला, तो १८४५ साली खुला झाला. एवढे दान करणारा पुरुष विरळा, यात शंका नाही. परंतु ही संपत्ती आली कोठून? चीनच्या व्यापारातून, कापसाच्या आणि अफूच्या. जार्डीन मॅथेसन या पेढीशी त्यांचा घनिष्ठ व्यवहार होता, आणि त्याच पेढीच्या धन्यांनी लंडनला खटपट करून चीनवर ज्या युद्धाची मोहीम नेली, ते युद्ध संपून नानकिंगचा तह झाला तो याच १८४२ साली. माळव्याच्या शेतकऱ्याने पिकविलेली अफू मुंबईच्या बंदरातून जात होती, चीनच्या बादशहाने ती बंद करू पाहिली म्हणून तोफा डागल्या गेल्या, आणि त्याच वर्षी त्या व्यापारातील आमच्या सर्वांत मोठ्या शेठजींच्या नावामागे 'सर' लागले. पदवी दानधर्मासाठी दिली गेली असे सांगतात. ते खोटेही नसेल. पण साम्राज्याला दानशूर माणसे हवी होती तशी व्यापारातील भरवशाची माणसेही हवी होती, आणि एकाच माणसात दोन्ही मिळाली तर पदवीचे कारण सांगताना त्यातील शोभिवंत तेवढे सांगावे, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. पुढे आमच्या गिरणीवाल्यांत, पेढीवाल्यांत 'सर' झालेल्यांची जी रांग लागली तिच्या अग्रभागी हे चित्र आहे. ते विसरून २०२५ सालच्या पदकाकडे पाहता येत नाही.

टाटांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. २००० साली टाटांनी टेटली ही चहाची कंपनी घेतली. २००७ साली कोरस हा पोलादाचा कारखाना घेतला. २००८ साली जग्वार आणि लँड रोव्हर या मोटारकंपन्या २३० कोटी डॉलरांना घेतल्या. २००९ साली श्री. रतन टाटा यांना मानद नाईट कमांडर हे पद मिळाले, आणि २०१४ साली त्याच संघाची सर्वोच्च श्रेणी मिळाली. यातील दुसऱ्या मानावर आमचा आक्षेप सौम्य आहे. २०१२ च्या डिसेंबरात ते अध्यक्षपदावरून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडून मिळवावयाचे असे काही फारसे उरले नव्हते. २००९ च्या मानाबद्दल तसे म्हणता येत नाही. पोलाद व मोटारी मिळून हजारो ब्रिटिश कामगारांचे भवितव्य तेव्हा एका भारतीय समूहाच्या हाती नुकतेच आले होते आणि जगभर मंदी होती. अशा वेळी यजमानाने पाहुण्याच्या अंगावर शालजोडी घातली तर ती थंडी वाजते म्हणून घातली असे कोणी समजू नये.

पुढे काय झाले? जुन्या कोरसचा मोठा कारखाना वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे आहे. तेथील भट्ट्या वर्षानुवर्षे तोट्यात होत्या. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले की, दोन्ही झोतभट्ट्या बंद होतील आणि ब्रिटनमधील सुमारे २,८०० नोकऱ्या जातील. पहिली भट्टी जुलैत विझली, दुसरी ३० सप्टेंबर २०२४ रोजी. त्यांच्या जागी विजेची भट्टी उभारण्यासाठी ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंड देऊ केले. यात कंपनीचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. तोट्यातील भट्टी कोणीही कायमची पेटती ठेवू शकत नाही, आणि कोळशाच्या धुराचा प्रश्न वेगळाच आहे. पण त्या गावातील एखाद्या कामगाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. बापाची नोकरी त्या भट्टीवर, आपली त्या भट्टीवर. सप्टेंबरात भट्टी विझते, आणि पाच महिन्यांनी आपलाच राजा त्या समूहाच्या अध्यक्षाला दोन देशांच्या व्यापारी संबंधांची सेवा केल्याबद्दल गौरवितो. त्याला तो मान कोणाकडून कोणाला दिला गेला असे वाटेल? राजा त्याचा, करातून दिलेले पौंड त्याचे. संबंध मात्र दुसऱ्या कोणाचे तरी. या प्रथेवर आमच्याइतकाच त्या वेल्सच्या कामगाराचाही आक्षेप असावयास हवा, कारण ती त्याच्याच नावाने चालते.

येथे कोणी कायदेपंडित आमच्या मदतीस येतील आणि म्हणतील की, राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदानेच हा प्रश्न सोडविला आहे. दुर्दैवाने तसे नाही. भारताच्या कोणत्याही नागरिकाने परकीय राज्याकडून किताब स्वीकारू नये, असे त्या अनुच्छेदात स्पष्ट आहे. आणि राज्याच्या सेवेत लाभाच्या किंवा विश्वासाच्या पदावर असलेल्या कोणीही राष्ट्रपतींच्या संमतीवाचून परकीय राज्याकडून भेट, वेतन वा पद घेऊ नये, असेही आहे. ही ओळ आमच्या वाचकांपैकी अनेकांना पाठ असेल. पण 'किताब' कशाला म्हणावयाचे? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भारतरत्न व पद्म हे सन्मान किताब नव्हेत; मात्र ते नावामागे वा नावापुढे लावता कामा नयेत. तो खटला आमच्या घरच्या सन्मानांचा होता. परक्या राजाच्या मानद पदाला 'सर' जोडलेले नाही, म्हणून ते किताब नव्हे, अशी पळवाट सोयीची आहे, आणि व्यवहारात तीच चालते. पण न्यायालयाच्या निर्णयाचा आशय पाहिला तर विसंगती डोळ्यांत भरते. आमच्या राष्ट्रपतींनी दिलेले पद्मभूषण आम्ही नावापुढे लावावयाचे नाही; आणि लंडनहून आलेली तीन अक्षरे मात्र लंडनच्या रिवाजाप्रमाणे लावता येतात! अक्षरे लावणे हाच जर किताबाचा पुरावा, तर ती लावण्याचा अधिकार देणारी वस्तू किताब नव्हे तर काय?

परक्या दरबारचे मान घेण्याचा प्रश्न आमच्या इतिहासात नवा नाही. १७९२ साली महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलकीची फर्माने आणि वस्त्रे घेऊन पुण्यास आले. बादशहा शाह आलम. चार वर्षांपूर्वीच त्याचे डोळे काढले गेले होते, आणि त्याची सत्ता त्याच्या महालापलीकडे जेमतेम होती. तरी ती वस्त्रे सवाई माधवरावांनी थाटाच्या दरबारात घ्यावी असा महादजींचा आग्रह. नाना फडणविसांनी विरोध केला. पेशवे छत्रपतींचे सेवक. दुसऱ्या धन्याची पदवी त्यांनी कशी घ्यावी, हा त्यांचा मुद्दा होता. अखेर साताऱ्याहून छत्रपतींची संमती आणविली, आणि मगच समारंभ झाला. नानांच्या विरोधात महादजींविषयीचा मत्सर किती आणि तत्त्व किती याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. पण त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न आणि त्यावर निघालेला मार्ग ही दोन्ही आमच्या अठराव्या अनुच्छेदात जशीच्या तशी दिसतात. दुर्बळ झालेल्या दरबाराच्या वस्त्रांचे आकर्षणही तेच. बादशहाच्या हाती द्यावयास दुसरे काही उरले नव्हते, म्हणून तो पदव्या देत होता.

आणि ज्यांनी नाकारल्या त्यांचीही आठवण ठेवावी. गोपाळ कृष्ण गोखल्यांना १९१४ साली के. सी. आय. ई. हे नाईटपद देऊ केले गेले. त्यांनी ते घेतले नाही. गोखले काही राजद्रोही नव्हते. इंग्रजी राज्याशी बोलून, आकडे मांडून, सरकारला पटवून काम करून घ्यावे हीच त्यांची रीत, आणि त्याबद्दल त्यांनी स्वकीयांच्या शिव्याही पुष्कळ खाल्ल्या. त्या वेळी ते सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनचे सभासद होते; हिंदी माणसाला वरच्या जागा मिळाव्यात म्हणून तेथे भांडत होते. आज आमचे वाचक ज्या खुर्च्यांवर बसले आहेत त्यांच्याशी त्या भांडणाचा संबंध आहे. ज्याला समोरच्याशी भांडावयाचे आहे त्याने समोरच्याची वस्त्रे अंगावर घालून भांडता येत नाही, एवढे त्या सौम्य गृहस्थाला कळत होते. रवींद्रनाथांनी १९१५ साली मिळालेली पदवी १९१९ साली जालियनवाला बागेनंतर परत केली, ते सर्वांस ठाऊक आहे. परत करण्यात तेज आहे. आम्हांला गोखल्यांचे न घेणे अधिक अवघड वाटते, कारण त्या वेळी डोळ्यांपुढे रक्त नव्हते.

ब्रिटनच्या बाजूनेही या प्रथेचा इतिहास स्वच्छ नाही. लॉइड जॉर्ज यांच्या कारकिर्दीत पदव्यांचा उघड बाजार मांडला गेला, आणि त्यापायी १९२५ साली पदव्यांच्या गैरव्यवहाराला आळा घालणारा कायदा करावा लागला. तो अजून आहे. अलीकडे २०२१ साली पुन्हा गवगवा झाला. आजचे राजे युवराज असता त्यांनी स्थापिलेल्या एका धर्मादाय संस्थेला मोठ्या देणग्या देणाऱ्या एका सौदी व्यापाऱ्याला २०१६ साली मानद पद मिळाले होते. ते वाढवून नाईटपद मिळविण्यास साह्य करू, अशा आशयाचे संस्थेच्या प्रमुखाचे पत्र वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. प्रमुखाने राजीनामा दिला, पोलिसांनी चौकशी केली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पुढे काही न करता ती संपविली. व्यापाऱ्याने कोणताही गैरप्रकार नाकारला आहे. कोणावर गुन्हा शाबीत झाला नाही, तेव्हा आम्हीही तो लावीत नाही. पण परक्या धनवंतांसाठी मानाचे दार ठेविले की, त्या दाराशी दलाल येऊन बसणार, हे सांगावयास पोलिसांची गरज नाही.

येथपर्यंत वाचून काही वाचकांच्या मनात एक प्रश्न टोचत असेल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्ही स्वतः काय करतो? २०१५ साली आमच्या सरकारने त्याच बिल गेट्सना पद्मभूषण दिले. २०२२ साली मायक्रोसॉफ्टचे आणि गूगलचे प्रमुख, दोघेही अमेरिकन नागरिक, पद्मभूषण झाले. २०२४ साली फॉक्सकॉनचे अध्यक्ष यंग लिउ या तैवानच्या उद्योगपतीला पद्मभूषण मिळाले. तमिळनाडूत त्यांच्या कंपनीचा आयफोन जोडण्याचा प्रचंड कारखाना आहे आणि आणखी कारखाने यावेत अशी आमची इच्छा आहे. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने जे केले तेच हे. फक्त साम्राज्याच्या जागी कमळ. आम्ही लंडनवर टीका करावी आणि दिल्लीला मोकळे सोडावे, हे आम्हांला मान्य नाही. आमचा आक्षेप दोन्हींवर सारखा आहे.

या यादीत एकच नाव असे आहे की जेथे आम्ही अडखळतो. सुझुकी मोटारचे ओसामू सुझुकी. १९८२ साली, भारतात मोटार बनवून काही मिळेल असे जगातील कोणा मोठ्या कारखानदाराला वाटत नसता, त्यांनी मारुतीशी करार केला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस गुडगावच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. त्या काळी दिल्लीत असलेल्या आमच्या ज्येष्ठ वाचकांना तिच्यासाठी लावलेल्या नंबरांची आठवण असेल. त्यांना २००७ साली पद्मभूषण मिळाले, तेव्हा कारखाना भरात होता आणि मागण्यासारखे पुष्कळ होते. तो मान आम्ही वरच्याच मापाने मोजू. परंतु २०२५ साली त्यांना पद्मविभूषण दिले गेले ते त्यांच्या मृत्यूनंतर. त्या मानाच्या बदल्यात त्यांच्याकडून आता काही मागता येत नव्हते, आणि त्यांनाही काही देता येत नव्हते. मेलेल्या माणसाला खाल्ल्या मिठाला जागावे लागत नाही. तेथे आमचा आक्षेप गळून पडतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की, ज्याच्या हाती आपल्याला हवे असलेले काही अजून आहे, अशा परक्या उद्योगपतीला कोणत्याही राज्याने मान देऊ नये, आणि ज्याच्या सरकारची बोलणी त्या राज्याशी चालू आहेत अशा उद्योगपतीने तो घेऊ नये. आयर्लंडच्या घटनेत नागरिकाला मानाची पदवी घेण्यापूर्वी सरकारची संमती घ्यावी लागते. आमच्या अठराव्या अनुच्छेदातील संमतीचे कलम सरकारी नोकराला लागू आहे. सरकारकडून दूरसंचाराच्या लहरी, खाणी, बंदरे यांचे परवाने घेणाऱ्या उद्योगपतीला ते का असू नये, हे आम्हांला कोणी समजावून सांगितलेले नाही. तो राज्याच्या पगारावर नाही हे खरे. पण देशाच्या साधनसंपत्तीचा तो विश्वस्त आहे, असे त्याचे वार्षिक अहवालच सांगत असतात. विश्वस्तपदाचा गौरव हवा, तर त्या पदाचे बंधनही हवे. ब्रिटनला कारखाने हवे असतील तर त्याने जमीन द्यावी, वीज द्यावी, करात सूट द्यावी. त्याचा हिशोब दोन्ही देशांच्या संसदांत मांडता येतो. फितीचा हिशोब कोठेच मांडता येत नाही, आणि म्हणूनच ती इतकी स्वस्त पडते.

आमच्या मंडळाची पुढील सभा महिनाअखेर आहे. अभिनंदनाचा ठराव कार्यक्रमपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे, ग्रंथालयाच्या कपाटांच्या दुरुस्तीनंतर. त्याला आम्ही एक उपसूचना दिली आहे: संबंधित गृहस्थ आपापल्या अध्यक्षपदांवरून निवृत्त होईपर्यंत हा ठराव तहकूब ठेवावा. सूचकांनी ती अद्याप स्वीकारलेली नाही. मात्र परवा रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी त्या सुक्या मेव्याच्या पेटीबद्दलचे टिपण कोणत्या फायलीत आहे ते सांगितले, आणि हवे असल्यास त्याची नक्कल सभेपुढे ठेवावी असे सुचविले.